किशोरवयीन गुन्हेगारीवरील सामाजिक व शालेय प्रभाव

किशोरवयीन गुन्हेगारी म्हणजे साधारणतः १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींकडून घडणारे कायदाविरोधी वर्तन होय. मराठीत यासाठी ‘बालगुन्हेगारी’ आणि ‘बाल अपचार’ या संज्ञाही रूढ आहेत. या वर्तनामागे व्यक्तिगत, कौटुंबिक, सामाजिक आणि शालेय अशी अनेक कारणे एकत्रितपणे कार्य करीत असतात. प्रस्तुत लेखात कुटुंब, वस्ती, सोबती आणि समाज यांच्या प्रभावाचा, तसेच शाळेच्या दुहेरी भूमिकेचा परामर्श घेतला आहे. शाळा मुलाला गुन्ह्यापासून दूर ठेवणारी संस्था ठरू शकते. त्याचप्रमाणे अपयश, अवहेलना आणि बहिष्कार यांच्या मार्गाने ती त्याला गुन्ह्याकडे लोटणारीही ठरू शकते.

संज्ञा आणि वयोमर्यादा

भारतीय कायद्यात १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस ‘बालक’ म्हटले जाते. गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या किंवा गुन्हा केल्याचे सिद्ध झालेल्या बालकासाठी बाल न्याय अधिनियमाच्या मराठी व्यवहारात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्दप्रयोग केला जातो. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द मुलावर कायमचा शिक्का मारतो, या विचाराने तो टाळण्यात आला आहे. बोलीभाषेत आणि वृत्तपत्रांत मात्र तो आजही वापरला जातो.

७ वर्षांखालील मुलाची कोणतीही कृती भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा ठरत नाही. ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलाला आपल्या कृतीचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता आलेली नसल्यास त्याचीही कृती गुन्हा मानली जात नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतही हीच तरतूद होती.

काही देशांत शाळा चुकविणे, घरातून पळून जाणे, रात्री उशिरा रस्त्यावर फिरणे यांसारख्या वर्तनाचाही अपचारात समावेश होतो. प्रौढ व्यक्तीने केल्यास जे गुन्हे ठरत नाहीत आणि केवळ वयामुळे दोषास्पद ठरतात, अशा वर्तनाला समाजशास्त्रात ‘दर्जाधिष्ठित अपराध’ म्हणतात. भारतातील विद्यमान कायदा अशा मुलांकडे आरोपी म्हणून पाहत नाही. घर सोडून आलेल्या किंवा निराधार मुलांचा विचार ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके’ या स्वतंत्र गटात होतो.

व्याप्ती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात अल्पवयीनांविरुद्ध २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५ गुन्हे नोंदविले गेले. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील १८ वर्षांखालील मुलांची संख्या सुमारे ४४ कोटी होती. तिच्या तुलनेत हे प्रमाण अल्प आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही अशा नोंदी अधिक असलेली राज्ये आहेत.

या आकडेवारीतून काही बाबी वर्षानुवर्षे सातत्याने दिसतात. ताब्यात घेतलेल्यांत मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा कितीतरी अधिक असते. तीन-चतुर्थांशांहून अधिक जण १६ ते १८ या वयोगटातील असतात. बहुसंख्य मुले आईवडिलांसह राहणारी असून बेघर मुलांचे प्रमाण तुलनेने कमी असते. म्हणजेच रस्त्यावरचे निराधार मूल हीच बालगुन्हेगाराची प्रातिनिधिक प्रतिमा मानणे वस्तुस्थितीला धरून नाही.

ही आकडेवारी घडलेल्या सर्व गुन्ह्यांचे मोजमाप नसून पोलिसांनी नोंदविलेल्या गुन्ह्यांचे मोजमाप आहे, हे लक्षात घ्यावे लागते. स्वतःच्या वर्तनाविषयी मुलांकडूनच गोपनीय माहिती मिळविणाऱ्या पाहण्यांत किरकोळ चोरी, मारामारी, नासधूस यांसारखे अपराध सर्व आर्थिक स्तरांतील मुले करीत असल्याचे आढळले आहे. गरीब वस्त्यांवर पोलिसांची नजर अधिक असते आणि संपन्न कुटुंबे अनेकदा प्रकरण परस्पर मिटवू शकतात. त्यामुळे नोंदींमध्ये गरिबांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसण्याची शक्यता असते.

अभ्यासाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत गुन्हेगारीची कारणे अनुवंश, शरीररचना किंवा नैतिक दौर्बल्य यांत शोधण्याकडे कल होता. सिरिल बर्ट यांनी लंडनमधील मुलांचा अभ्यास करून ‘द यंग डेलिंक्वंट’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध केला आणि अपचारामागे एकच कारण नसून अनेक कारणे असतात, असे मत मांडले.

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी अमेरिकेतील शिकागो शहराच्या न्यायालयीन नोंदी नकाशावर मांडल्या. त्यांचे निष्कर्ष १९४२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागालगतच्या मोडकळीस आलेल्या वस्त्यांत अपचाराचे प्रमाण दशकानुदशके अधिक राहिले होते. या काळात तेथील रहिवासी मात्र बदलत गेले होते. जर्मन व आयरिश स्थलांतरितांची जागा पोलिश, इटालियन आणि इतरांनी घेतली. वस्ती सोडून गेलेल्या समूहांतील अपचार घटला आणि वस्तीतील प्रमाण तेवढेच उरले. गुन्हेगारी एखाद्या वंशाच्या वा जातीच्या रक्तात नसून परिस्थितीशी निगडित असते, हे या अभ्यासाने ठळकपणे दाखविले.

एडविन सदरलँड यांनी गुन्हेगारी वर्तन हे निकटच्या माणसांच्या सहवासातून शिकले जाते, असा सिद्धांत मांडला. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये प्रतिपादन केले की, समाज सर्वांपुढे यशाचे एकच ध्येय ठेवतो, पण तेथे पोहोचण्याचे वैध मार्ग सर्वांना सारखे उपलब्ध नसतात आणि या विसंगतीतून नियमभंग उद्भवतो. ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये मूळ प्रश्नच उलटा केला. माणसे गुन्हा का करतात यापेक्षा बहुतेक माणसे तो का करीत नाहीत, हे त्यांनी तपासले. आईवडील व शिक्षकांविषयीची आपुलकी, भविष्याविषयीची बांधिलकी, विधायक कामातील सहभाग आणि नियमांच्या योग्यतेवरील विश्वास हे चार बंध व्यक्तीला आवरून धरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

महाराष्ट्रात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास मुंबई व पुणे येथे सुरू झाला. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय स्थापन झाले. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी ‘द डेलिंक्वंट चाइल्ड इन इंडिया’ हा ग्रंथ १९३९ मध्ये संपादित केला. पुण्यातील बाल अपचार व निराधारता यांविषयी जी. एन. रतनशॉ यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

सामाजिक प्रभाव

कुटुंब : घरातील देखरेखीचा अभाव, अतिकठोर किंवा लहरी शिक्षा, आईवडिलांमधील हिंसा, व्यसनाधीनता आणि घरातील एखाद्या व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी हे घटक जगभरच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहेत. १९६१ मध्ये लंडनच्या कामगारवस्तीतील ४११ मुलांचा दीर्घकालीन अभ्यास डोनाल्ड वेस्ट यांनी सुरू केला आणि पुढे डेव्हिड फॅरिंग्टन यांनी तो चालविला. ८ ते १० वर्षे वयात दिसणारे दारिद्र्य, मोठे कुटुंब, अपुरी देखरेख, पालकाला झालेली शिक्षा आणि अभ्यासातील मागासलेपण यांवरून पुढील अपचाराचा काही प्रमाणात अंदाज येतो, असे त्यात दिसून आले. यांपैकी कोणताही एक घटक निर्णायक नसतो. अनेक घटक एकत्र आल्यावर धोका वाढतो. विभक्त किंवा एकपालक कुटुंब हे स्वतःच अपचाराचे कारण आहे, हा समज मात्र टिकलेला नाही. आईवडील एकत्र असूनही सतत कलह असणारे घर अधिक घातक ठरू शकते.

वस्ती : दाटीवाटीची घरे, सतत बदलणारे रहिवासी, खेळायला जागा नसणे आणि शेजाऱ्यांचा परस्परांशी संबंध नसणे यांमुळे मुलांवरील सामूहिक लक्ष कमी होते. गावात किंवा जुन्या चाळीत कोणाचेही मूल चुकले तरी त्याला हटकणारी वडीलधारी माणसे असत. स्थलांतरितांच्या नव्या वस्त्यांत ही व्यवस्था उभी राहण्यास वेळ लागतो. अवैध धंदे चालणाऱ्या भागात अल्पवयीन मुलांचा वापर निरोप पोहोचविणे, माल लपविणे, पाळत ठेवणे यांसाठी केला जातो, कारण त्यांना सौम्य वागणूक मिळेल असा प्रौढ गुन्हेगारांचा हिशेब असतो. मुलांचा अशा कामासाठी वापर करणे हा बाल न्याय अधिनियमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

सोबती : किशोरवयीन गुन्हे बहुधा एकट्याने न करता दोघातिघांनी मिळून केलेले असतात. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ मधील प्रयोगात समवयस्क जवळ असताना किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा अधिक धोका पत्करतात, असे दिसले. प्रौढांत हा फरक आढळला नाही. टोळी मुलाला ओळख, संरक्षण आणि मान देते. पुणे परिसरात २०२२ नंतर वृत्तपत्रांतून ‘कोयता गँग’ या नावाने गाजलेल्या प्रकरणांत अल्पवयीन मुलांचा सहभाग आढळला. शस्त्र मिरवून दहशत बसविणे आणि त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकणे, हा त्यांतील काही प्रकरणांचा विशेष होता.

आर्थिक स्थिती : दारिद्र्य आणि अपचार यांचा संबंध थेट नसून तो देखरेख, शिक्षण आणि संधी यांच्या माध्यमातून येतो. बहुसंख्य गरीब मुले कोणताही गुन्हा करीत नाहीत. दुसऱ्या बाजूस, संपन्न घरांतील मुलांकडूनही गंभीर गुन्हे घडतात. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात १७ वर्षांच्या मुलाने चालविलेल्या महागड्या मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर पालकांची जबाबदारी, अल्पवयीनांचे मद्यपान आणि कायद्यापुढील समानता या प्रश्नांवर राज्यभर चर्चा झाली.

सामाजिक शिक्का : एखाद्यास गुन्हेगार ठरविल्याने त्याची पुढील वाटचाल तशीच होण्याची शक्यता वाढते, हा विचार एडविन लेमर्ट आणि हॉवर्ड बेकर यांनी मांडला. भारतात याचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होय. या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातील वसाहती उभारल्या गेल्या. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु पारधी, उचल्या आदी समाजांतील मुलांकडे संशयाने पाहण्याची वृत्ती नाहीशी झाली नाही. चोरी झाली की प्रथम त्यांच्याच पालांवर चौकशी होते आणि वर्गातही त्यांना वेगळे बसावे लागते, असे अनुभव विमुक्त समाजांतील आत्मकथनांत आले आहेत. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे या दृष्टीने महत्त्वाचे आत्मकथन असून त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे.

शालेय प्रभाव

अपयश आणि तुकड्या : अल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्ये मांडले की, शाळा सर्व मुलांना मध्यमवर्गीय मापदंडाने मोजते. नीटनेटकेपणा, प्रमाणभाषा, घरून मिळणारे अभ्यासाचे साहाय्य यांबाबत कमी पडणारी मुले वारंवार अपमानित होतात. मग ती शाळेची मूल्येच नाकारतात आणि ज्या गटात याच्या उलट वागण्याला मान मिळतो, त्या गटाकडे वळतात. डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांनी १९६७ मध्ये इंग्लंडमधील एका मुलांच्या माध्यमिक शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुणांनुसार पाडलेल्या तुकड्यांपैकी वरच्या तुकडीत अभ्यासू मुलाला प्रतिष्ठा होती, तर खालच्या तुकडीत शिक्षकांची अवज्ञा करणाऱ्याला. एकाच इमारतीत दोन परस्परविरोधी संस्कृती निर्माण झाल्या होत्या.

महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांतही गुणवत्तेनुसार तुकड्या पाडण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. शेवटची तुकडी ‘ढ’ मुलांची, हा समज शिक्षक, पालक आणि विद्यार्थी अशा सर्वांच्या मनात रुजलेला असे. ‘उनाड’, ‘टारगट’, ‘वाया गेलेला’ ही विशेषणे एकदा चिकटली की वर्गातील कोणत्याही खोडीसाठी प्रथम त्याच मुलाकडे बोट दाखविले जाते.

शाळेशी असलेला बंध : हर्शी यांच्या पाहणीत ज्या मुलांना शाळा आवडत होती आणि शिक्षकांच्या मताची किंमत वाटत होती, त्यांच्यात अपचाराचे प्रमाण कमी होते. त्यांनी दाखविलेली साखळी अशी आहे : अभ्यासात मागे पडणे, त्यामुळे शाळेची नावड, त्यातून शिक्षकांच्या अधिकाराचा अव्हेर आणि अखेरीस अपचार. या साखळीची पहिली कडी अध्यापनाच्या कक्षेतील आहे. वाचन-लेखनात मागे पडलेल्या मुलाला वेळीच साहाय्य मिळाल्यास पुढील कड्या जुळण्यास अटकाव होऊ शकतो.

शिक्षा आणि निलंबन : अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील नऊ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवी ते बारावी या काळात सुमारे ६० टक्के विद्यार्थ्यांना किमान एकदा निलंबित किंवा निष्कासित करण्यात आले होते. त्या कारवायांपैकी कायद्याने बंधनकारक अशा केवळ सुमारे ३ टक्के होत्या. उर्वरित शाळांनी स्वतःच्या निर्णयाने केल्या होत्या. अशी कारवाई झालेल्या विद्यार्थ्याचा पुढील वर्षी बाल न्याययंत्रणेशी संबंध येण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. अमेरिकेतील या प्रक्रियेला ‘शाळेतून तुरुंगाकडे जाणारी वाट’ असे म्हटले जाते.

भारतात २००९ च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. निष्कासनावरील बंदी मात्र कायम आहे.

दादागिरी : सहाध्यायांकडून होणारा छळ हा दुहेरी धोका असतो. छळ करणाऱ्या मुलांत पुढील गुन्हेगारीचे प्रमाण अधिक आढळते, तर छळ सोसणारी मुले शाळा टाळू लागतात किंवा संरक्षणासाठी एखाद्या टोळीचा आश्रय घेतात. नॉर्वेत डॅन ओल्व्हेयस यांनी १९८३ पासून राबविलेल्या कार्यक्रमात मधल्या सुट्टीतील देखरेख, वर्गाने मिळून ठरविलेले नियम आणि पालकांचा सहभाग यांवर भर होता. त्यामुळे छळाच्या घटनांत लक्षणीय घट झाली.

शाळाशाळांतील फरक : मायकेल रटर व सहकाऱ्यांनी लंडनमधील १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास १९७९ मध्ये ‘फिफ्टीन थाउजंड अवर्स’ या ग्रंथात मांडला. मूल शालेय जीवनात सुमारे १५ हजार तास शाळेत घालविते, या हिशेबावरून ग्रंथाला हे नाव दिले आहे. सारख्या पार्श्वभूमीची मुले घेणाऱ्या शाळांतही हजेरी, वर्तन व परीक्षेचे निकाल यांत मोठा फरक आढळला. इमारतीचे वय किंवा आकार यांचा प्रभाव नगण्य होता. शिक्षकांचा वक्तशीरपणा, पाठाची पूर्वतयारी, वेळोवेळी दिलेली शाबासकी आणि विद्यार्थ्यांवर सोपविलेल्या जबाबदाऱ्या यांचा प्रभाव अधिक होता. अपचाराच्या बाबतीत मात्र शाळेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे मिश्रण हा घटकही महत्त्वाचा ठरला. मागे पडलेली मुले मोठ्या संख्येने एकाच शाळेत एकवटली, तर तेथे अपचाराचे प्रमाण वाढते. फॅरिंग्टन यांनीही शाळांतील फरकाचा बराचसा भाग प्रवेशित मुलांच्या पार्श्वभूमीमुळे असतो, असे १९७२ मध्ये निदर्शनास आणले होते.

शाळागळती आणि १४ ते १८ वयाची पोकळी

शाळा सोडल्याने अपचार वाढतो की घटतो, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. डेल्बर्ट इलियट आणि हार्विन व्हॉस यांना १९७४ मधील कॅलिफोर्नियातील अभ्यासात शाळा सोडल्यानंतर अपचार कमी झाल्याचे आढळले. अपमानाची जागा सुटल्याने ताण हलका होतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. टेरेन्स थॉर्नबेरी व सहकाऱ्यांना १९८५ मध्ये याच्या उलट, शाळा सोडल्यानंतर गुन्हे वाढत गेल्याचे दिसले. शाळेनंतर मुलाच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. लंडनच्या दीर्घकालीन अभ्यासात तीच मुले कामावर असताना कमी आणि बेकार असताना अधिक गुन्हे करीत असल्याचे आढळले.

भारतीय कायद्यांच्या वयोमर्यादा या दृष्टीने लक्षणीय आहेत. शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वर्षांपुरता मर्यादित आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ ची दुरुस्ती झाल्यानंतरही १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना केवळ धोकादायक उद्योगांत काम करण्यास मनाई आहे. बाल न्याय अधिनियम मात्र १८ वर्षांपर्यंत लागू होतो. परिणामी आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलाला शाळेत ठेवण्याचे कायदेशीर उत्तरदायित्व कोणावरही उरत नाही आणि नेमक्या याच पुढील वर्षांत गुन्ह्यांच्या नोंदी सर्वाधिक असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते १८ वर्षे वयातील सर्वांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट मांडले आहे. परंतु शिक्षण हक्क कायद्याची वयोमर्यादा वाढविण्यात आलेली नाही.

महाराष्ट्रात नववी हा गळतीचा नाजूक टप्पा मानला जातो. शाळा सोडलेल्यांना खासगीरीत्या दहावीच्या परीक्षेस बसता यावे, यासाठी १७ नंबरच्या अर्जाची सोय आहे. दहावीचा निकाल उंचावण्यासाठी काही शाळा कच्च्या विद्यार्थ्यांना नववीतच या मार्गाकडे वळवितात, अशी टीका शिक्षणक्षेत्रात होते. अशा मुलाचे नाव परीक्षेच्या यादीत राहते. पण त्याचा रोजचा दिवस, वर्गशिक्षक आणि मित्र त्याच्यापासून दुरावतात. बीड व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची मुले हंगामात कुटुंबासह कारखान्यांच्या परिसरात जातात आणि त्यांचे जवळजवळ अर्धे शैक्षणिक वर्ष बुडते. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे हे त्यावरील उपाय आहेत. स्थलांतर म्हणजे अपचार नव्हे. परंतु शाळेशी असलेला बंध त्यामुळे क्षीण होतो.

बाल न्यायव्यवस्था आणि शाळा

भारतात मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याचा विचार १८५० च्या शिकाऊ उमेदवार कायद्यापासून दिसतो. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५० च्या दशकात त्यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा आकारास आली. १८७६ व १८९७ मध्ये सुधारशाळा कायदे झाले. मुंबई बालक अधिनियम १९२४ मध्ये संमत झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. संपूर्ण देशासाठी बाल न्यायविषयक कायदे १९८६, २००० आणि २०१५ मध्ये झाले.

डिसेंबर २०१२ मधील दिल्ली सामूहिक बलात्कार प्रकरणातील सहा आरोपींपैकी एक अल्पवयीन होता. त्याला तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याची कमाल कारवाई झाल्यावर देशभर तीव्र प्रतिक्रिया उमटली. त्यानंतर आलेला २०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलावर किमान ७ वर्षे शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते आणि आवश्यक वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवते. देहदंड किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप कोणत्याही बालकास देता येत नाही.

बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी किमान एक महिला असणे आवश्यक असते. ताब्यात घेतलेल्या बालकास २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा आणि कमाल तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे असे आदेश मंडळ देऊ शकते.

या प्रक्रियेत शाळेचा संबंध तीन ठिकाणी येतो. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र प्रथम ग्राह्य धरले जाते. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक अन्वेषण अहवालात मुलाचे शिक्षण, शाळा सोडण्याचे कारण, तसेच शिक्षक व सहाध्यायी यांच्याशी असलेले संबंध यांची माहिती घेतली जाते. कलम ७४ नुसार मुलाचे नाव व पत्ता यांबरोबरच त्याच्या शाळेचे नावही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. प्रकरण निकाली निघाल्यावर, कायद्यात नमूद केलेले अपवाद वगळता, त्या नोंदीमुळे मुलास कोणतीही अपात्रता येत नाही. तरीही अशा मुलास पुन्हा प्रवेश देण्यास शाळा नाखूश असतात आणि कायद्याने पुसलेला शिक्का व्यवहारात टिकून राहतो.

प्रतिबंध आणि उपाययोजना

किशोरवयात नियमभंग करणारी बहुसंख्य मुले प्रौढ होताना तो मार्ग आपोआप सोडतात. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये ‘किशोरवयापुरते मर्यादित’ आणि ‘आयुष्यभर टिकणारे’ असे अपचाराचे दोन प्रकार केले. मार्व्हिन वूल्फगँग व सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये जन्मलेल्या आणि फिलाडेल्फियात राहिलेल्या ९,९४५ मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अवघ्या ६ टक्के मुलांनी निम्म्याहून अधिक गुन्हे केल्याचे आढळले. यावरून दोन गोष्टी सूचित होतात : पहिल्या चुकीला कठोर यंत्रणेच्या स्वाधीन करणे बहुतेक मुलांच्या बाबतीत अनावश्यक असते आणि लहान वयात अनेक अडचणींनी घेरलेल्या थोड्या मुलांना भरीव साहाय्य देणे फलदायी ठरते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात झालेल्या पेरी पूर्वप्राथमिक प्रयोगात १२३ गरीब मुलांचा समावेश होता. उत्तम बालवाडी आणि घरभेटी यांचा लाभ मिळालेल्या मुलांना चाळिशीपर्यंत तुलनेने कमी वेळा अटक झाली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने माओरी परंपरेशी जुळणारी कुटुंबपरिषद पद्धत स्वीकारली. तीत मूल, त्याचे कुटुंब आणि पीडित व्यक्ती एकत्र बसून नुकसानभरपाईचा मार्ग ठरवतात.

सर्वच उपक्रम हितकारक ठरतात असे नाही. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरविण्याच्या ‘स्केअर्ड स्ट्रेट’ या अमेरिकी कार्यक्रमांच्या परीक्षणांत सहभागी मुलांचे गुन्हे उलट वाढल्याचे दिसले. केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पातील मुलांना अनेक वर्षे मार्गदर्शन मिळाले. तरी जोन मॅकॉर्ड यांनी १९७८ मध्ये केलेल्या पुनर्तपासणीत त्यांची स्थिती इतरांपेक्षा चांगली नव्हती आणि काही बाबतींत ती वाईट होती. त्यामुळे सद्हेतू हा परिणामाचा पुरावा मानला जात नाही.

शाळेच्या पातळीवर पुढील उपाय महत्त्वाचे मानले जातात :

• सलग गैरहजेरीची तातडीने दखल घेणे आणि घरी भेट देणे
• वाचन व गणितात मागे पडलेल्यांना त्याच वर्षी साहाय्य करणे
• गुणांनुसार कायमस्वरूपी तुकड्या न पाडणे
• शिस्तभंगासाठी शाळेबाहेर काढण्याऐवजी शाळेतच नुकसानभरपाई व संवाद यांचा अवलंब करणे
• खेळ, स्काउट, नाटक, कार्यानुभव यांत अभ्यासात मागे असलेल्यांनाही जबाबदारी सोपविणे
• चाइल्डलाइन १०९८ आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांची माहिती विद्यार्थ्यांना देणे
• न्यायप्रक्रियेतून परतलेल्या विद्यार्थ्यास गोपनीयता राखून पुन्हा प्रवेश देणे

मर्यादा आणि मतभेद

या विषयातील बहुतांश दीर्घकालीन अभ्यास ब्रिटन, अमेरिका आणि न्यूझीलंड येथील असून ते प्रामुख्याने शहरी मुलांवर आधारित आहेत. जात, स्थलांतर, बालमजुरी आणि एकत्र कुटुंब यांसारख्या भारतीय घटकांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. जुन्या अभ्यासांत मुलींचा विचारही अल्प आहे. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. अपयशामुळे अपचार घडतो, की या दोहोंच्या मुळाशी एखादे तिसरे कारण असते, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते.

१६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याच्या तरतुदीविषयीही मतभेद आहेत. समर्थकांच्या मते गंभीर गुन्ह्यातील पीडितास न्याय मिळण्यासाठी ती आवश्यक आहे. विरोधकांच्या मते या वयात मेंदूचा विकास अपूर्ण असतो आणि प्राथमिक मूल्यांकनाची शास्त्रीय पद्धत पुरेशी विश्वासार्ह नाही. सामाजिक घटकांवर भर दिल्याने व्यक्तीची जबाबदारी नाकारली जाते, असा आक्षेपही घेतला जातो. त्यावर, कारणमीमांसा म्हणजे दोषमुक्ती नव्हे आणि कारणे जाणल्याखेरीज पुढील गुन्हा रोखता येत नाही, असे उत्तर दिले जाते.

हेही पाहा

• बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५
• बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
• गुन्हेगार जमाती कायदा
• विमुक्त जाती
• शाळाबाह्य मुले
• बालकामगार